अल्ट्रासॉनिक टेस्टचा आकडा कुठे चुकतो? काँक्रीट आणि दगडाची स्थितिस्थापकता मोजताना होणाऱ्या चुका

शाळेची जुनी इमारत, गावातली पाण्याची उंच टाकी किंवा ओढ्यावरचा पूल अजून वापरण्यालायक आहे का, हे ठरवायची वेळ आली की 'अल्ट्रासॉनिक टेस्ट करून घ्या' असं हमखास ऐकायला मिळतं. काँक्रीट फोडावं लागत नाही, दोन मिनिटांत स्क्रीनवर आकडा येतो आणि रिपोर्टमध्ये 'चांगले' किंवा 'संशयास्पद' असा शेरा पडतो. पण तो आकडा नेमका कशाचा असतो? त्यात चूक कुठून शिरते? आणि शेऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी काय विचारायचं? या लेखात आपण हेच पाहणार आहोत.

धाराशिव जिल्ह्यासाठी हा विषय फक्त लॅबच्या जर्नलपुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमाराला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. मोठं कारण होतं घरांची बांधणी: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. नंतर ५० हून जास्त गावं नव्या जागी वसली. त्या वेळी बांधलेल्या घरांना आणि शाळांना आता तीस वर्षं उलटून गेली आहेत. 'भिंत आतून कशी आहे?' हा प्रश्न इथे परत परत येणारच, आणि त्याचं उत्तर मोजमापातून येणार असेल तर ते मोजमाप समजून घ्यायला हवं.

## थोडक्यात सांगायचं तर

- मशीन फक्त वेळ मोजतं. वेग, स्थितिस्थापकता आणि शेरा हे सगळं त्या वेळेवरून काढलेलं गणित असतं.
- वेगात १ टक्का चूक झाली, तर स्थितिस्थापकतेत सुमारे २ टक्के होते.
- नमुना जितका लहान, तितकी वेळेतली छोटी चूक महाग पडते.
- शंभर रीडिंगची सरासरी काढली तरी चुकीचं सेट केलेलं मशीन बरोबर होत नाही.

## स्थितिस्थापकता म्हणजे काय?

रबर ताणलं की लांब होतं आणि सोडलं की परत मूळ आकारात येतं. दगड, काँक्रीट आणि लोखंडही तसंच वागतं, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतकं कमी. भार काढल्यावर परत मूळ आकारात येण्याच्या या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. किती भार दिला की किती ताण पडतो, हे सांगणारा आकडा म्हणजे यंगचा गुणांक. तो गिगापास्कलमध्ये मोजतात. आकडा मोठा म्हणजे पदार्थ जास्त ताठ.

हा गुणांक काढायचे दोन रस्ते आहेत. पहिला, नमुना प्रेसमध्ये दाबून किती आखडला ते मोजायचं. दुसरा, नमुन्यातून आवाजाची लहर पाठवायची. पदार्थ जितका ताठ, तितकी लहर वेगाने पळते. अल्ट्रासॉनिक पद्धत म्हणजे हा दुसरा रस्ता. आपल्याला ऐकू न येणारा, २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज त्यात वापरतात. काँक्रीटसाठी बहुतेक वेळा ५४ किलोहर्ट्झचे प्रोब असतात. दगडाच्या छोट्या नमुन्यांसाठी लॅबमध्ये ५०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झचे प्रोब लागतात.

## मशीन नेमकं काय करतं?

नमुन्याच्या एका बाजूला पाठवणारा प्रोब आणि दुसऱ्या बाजूला ऐकणारा प्रोब लावतात. मशीन एक धक्का पाठवतं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करतं. पलीकडे पहिली लहर पोहोचली की घड्याळ थांबतं. मिळालेला वेळ मायक्रोसेकंदात असतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोसेकंद.

मग साधं गणित:

वेग = लांबी ÷ वेळ

काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब घ्या. वेळ आला ३७.५ मायक्रोसेकंद. म्हणजे वेग झाला सेकंदाला ४ किलोमीटर. भारतीय मानक आयएस १३३११, भाग १ हे १९९२ साली आलं. त्यातल्या वर्गवारीची सवय आजही बऱ्याच लोकांना आहे:

| वेग, किमी/सेकंद | शेरा |
|---|---|
| ४.५ च्या वर | उत्कृष्ट |
| ३.५ ते ४.५ | चांगले |
| ३.० ते ३.५ | मध्यम |
| ३.० च्या खाली | संशयास्पद |

२०१८ मध्ये हा विषय आयएस ५१६, भाग ५, विभाग १ मध्ये आला आणि आता काँक्रीटच्या ग्रेडप्रमाणे मर्यादा बघायच्या असतात. म्हणून रिपोर्टवर कोणतं मानक लिहिलंय ते आधी पाहा.

वेगावरून यंगचा गुणांक असा निघतो:

गुणांक = घनता × वेग² × [(१ + प) × (१ − २प)] ÷ (१ − प)

इथे 'प' म्हणजे पॉइसनचं गुणोत्तर. पदार्थ एका दिशेने दाबला की तो बाजूला किती फुगतो, हे त्यावरून कळतं. काँक्रीटसाठी ते साधारण ०.२ धरतात. घनता २४०० किलो प्रति घनमीटर आणि वेग ४ किमी/सेकंद घेतला तर उत्तर येतं सुमारे ३४.६ गिगापास्कल.

## चूक दुप्पट का होते?

सूत्रात वेगाचा वर्ग आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. समजा वेग ४.० ऐवजी ४.२ मोजला गेला. चूक झाली ५ टक्के. पण गुणांक ३४.६ वरून ३८.१ गिगापास्कलवर गेला, म्हणजे १० टक्क्यांहून जास्त. काँक्रीट आहे तेवढंच आहे, ताठ झालाय तो फक्त कागदावरचा आकडा.

आता पाहूया की ही चूक कुठून कुठून येते.

## चुकांचे आठ दरवाजे

### १. लांबी

लॅबमध्ये क्यूब किंवा कोअर व्हर्नियरने मोजता येतो, तिथे अडचण कमी. तरी कोअरची दोन्ही टोकं समांतर नसतील, तर कोणती लांबी धरायची हा प्रश्न येतोच. साइटवर जास्त गडबड होते. कॉलमवर प्लास्टर असतं आणि ड्रॉइंगमधलं माप प्लास्टरशिवायचं असतं. ३०० मिलिमीटरच्या कॉलमला दोन्ही बाजूंनी १५ मिलिमीटर प्लास्टर असेल आणि लांबी ३०० च धरली, तर १० टक्के चूक तिथेच झाली. वर प्लास्टर पोकळ सुटलेलं असेल तर लहर धड आतही जात नाही. म्हणून प्रोबच्या जागेवरचं प्लास्टर काढून, प्रत्यक्ष जाडी मोजूनच रीडिंग घ्यायचं.

### २. शून्य

धक्का निघतो तो वायरमधून, प्रोबच्या आतल्या चकतीतून आणि प्रोबच्या तोंडावरून नमुन्यात शिरतो. या प्रवासालाही वेळ लागतो. तो वजा करायलाच हवा. त्यासाठी मशीनसोबत एक दांडी मिळते आणि तिच्यावर तिचा वेळ लिहिलेला असतो. सुरुवातीला दोन्ही प्रोब त्या दांडीला लावून मशीनचा आकडा तिच्याशी जुळवतात. वायर बदलली, प्रोब बदलला की परत जुळवायचं.

हे टाळलं तर काय होतं? समजा खरा वेग ३.४ आहे. १५० मिलिमीटरला ४४.१ मायक्रोसेकंद लागायला हवेत. शून्य २ मायक्रोसेकंदांनी घसरलंय, म्हणून मशीन ४२.१ दाखवतं. वेग निघतो ३.५६. जुन्या तक्त्याप्रमाणे 'मध्यम' काँक्रीट 'चांगलं' झालं! चूक उलट दिशेने झाली तर ३.६ चं काँक्रीट ३.४३ दिसतं आणि चांगल्या इमारतीवर विनाकारण संशय येतो.

### ३. कपलिंग, म्हणजे प्रोब आणि नमुना यांच्यातली हवा

अल्ट्रासॉनिक लहरीला हवेचा अगदी पातळ थरही भिंतीसारखा असतो. काँक्रीटमधून हवेत जाताना ९९.९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत फिरते. म्हणून प्रोबला ग्रीस, पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन लावतात.

हे तुम्ही मोबाईलवरही अनुभवलं असेल. काही फोनमध्ये स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर असतो. त्यावर साधी टेम्पर्ड ग्लास लावली आणि मध्ये हवा राहिली की फोन बोट ओळखत नाही. कारण तेच.

ग्रीस कमी असेल तर सिग्नल कमजोर पडतो. जास्त असेल तर त्या थरातून जायला लहरीला जादा वेळ लागतो. प्रत्येक वेळी प्रोब सारख्याच जोराने दाबला नाही तरी आकडा हलतो. खडबडीत पृष्ठभाग आधी घासून सपाट करावा लागतो.

### ४. 'पहिली लहर' नेमकी कोणती?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा मुद्दा लगेच कळेल. बरीच मशीनं एक मर्यादा ठरवतात आणि सिग्नलने ती ओलांडली की घड्याळ थांबवतात. पण खरी पहिली लहर बारीक असते. सिग्नल कमजोर असेल तर ती मर्यादेखालूनच निघून जाते आणि मशीन पुढच्या मोठ्या लाटेवर थांबतं.

५४ किलोहर्ट्झच्या लहरीचं एक पूर्ण आवर्तन १८.५ मायक्रोसेकंदांचं असतं. म्हणजे ३७.५ ऐवजी एकदम ५६ मायक्रोसेकंद! वेग ४ वरून २.७ वर येतो आणि चांगलं काँक्रीट 'संशयास्पद' होतं. मर्यादा फार खाली ठेवली तर उलट होतं: मशीन आजूबाजूच्या गोंगाटावरच थांबतं आणि वेग भलताच जास्त येतो. उपाय एकच, नुसता आकडा न बघता स्क्रीनवर लहरीचा आकार बघायचा. ज्या मशीनमध्ये लहर दिसतच नाही, तिथे ही चूक पकडणं कठीण जातं.

### ५. नमुन्याचा आकार

५४ किलोहर्ट्झच्या लहरीची काँक्रीटमधली लांबी साधारण ७४ मिलिमीटर असते. यातून दोन गोष्टी होतात.

एक, त्याहून बऱ्याच लहान पोकळ्या लहरीला जाणवत नाहीत, ती वळसा घालून जाते. दोन, नमुना बारीक दांडीसारखा असेल आणि त्याची जाडी लहरीच्या लांबीपेक्षा खूप कमी असेल, तर लहर वेगळ्याच वेगाने जाते. मोठ्या ठोकळ्यात बाजूचा पदार्थ फुगायला विरोध करतो, दांडीत करत नाही. पॉइसन गुणोत्तर ०.२ असेल तर या दोन वेगांमध्ये ५ टक्के फरक पडतो आणि ०.२५ असेल तर ९ टक्क्यांहून जास्त. दांडीच्या मापावर ठोकळ्याचं सूत्र लावलं की गुणांक आपोआप चुकतो.

मानकातही किमान लांबी दिलेली आहे: २० मिलिमीटर खडी असेल तर १०० मिलिमीटर, ४० मिलिमीटर खडी असेल तर १५० मिलिमीटर.

### ६. ओल आणि ऊन

ओल्या काँक्रीटमध्ये पोकळ्यांत हवेऐवजी पाणी असतं आणि पाण्यातून लहर बरी जाते. त्यामुळे वेग साधारण २ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे पाण्याने भरलेली भेग. कोरडी भेग लहर अडवते, भरलेली भेग तिला जाऊ देते. म्हणजे पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगमध्ये भेग लपू शकते.

तापमान ५ ते ३० अंश असेल तर फारसा फरक पडत नाही. ३० ते ६० अंशांत वेग ५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग दुपारी तापलेल्या स्लॅबचं काय होत असेल! म्हणून रीडिंग सकाळी घ्यावं आणि रिपोर्टमध्ये तापमान आणि ओल, दोन्हीची नोंद असावी.

### ७. सळई

लोखंडात लहर सेकंदाला सुमारे ५.९ किलोमीटर वेगाने जाते, काँक्रीटपेक्षा बरीच जास्त. प्रोबच्या रेषेला समांतर सळई जवळ असेल तर लहर हायवे धरावा तशी सळई धरते. वेग मोठा येतो आणि काँक्रीट आहे त्यापेक्षा भारी दिसतं. म्हणून आधी सळई शोधायच्या यंत्राने जागा तपासून मग प्रोब लावतात.

समोरासमोर प्रोब लावता येत नसतील तर एकाच पृष्ठभागावर दोन्ही लावतात. या पद्धतीत वेग ५ ते २० टक्क्यांनी कमी येतो. दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळून टाकले की रिपोर्ट वाचणाऱ्याची फसगत होते.

### ८. न मोजता धरलेले आकडे

घनता आणि पॉइसन गुणोत्तर बऱ्याचदा मोजलेलंच नसतं, पुस्तकातून घेतलेलं असतं. वरच्या उदाहरणात ०.२ ऐवजी ०.२५ धरलं तर ३४.६ चे ३२ गिगापास्कल होतात. प्रोबला हात न लावता ७ टक्के फरक!

मोजायचं असेल तर आडवी हलणारी एस लहरही पकडावी लागते. ती पी लहरीपेक्षा हळू असते आणि पी लहरीच्या मागे राहिलेल्या थरथरीत बुडालेली असते. तिची सुरुवात ओळखणं अवघड. एस लहरीचा वेग ३ टक्के कमी मोजला गेला तर ०.२० चं गुणोत्तर ०.२३ होतं.

## सरासरी काढली की झालं का?

नाही. चुका दोन जातीच्या असतात.

इकडे-तिकडे होणारी चूक: प्रोबचा दाब, ग्रीसचा थर, सिग्नलमधला गोंगाट. कधी जास्त, कधी कमी. जास्त रीडिंग घेऊन सरासरी काढली की ही कमी होते.

एकाच बाजूला ओढणारी चूक: घसरलेलं शून्य, चुकीची लांबी, चुकीचं सूत्र. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर दिवसातून शंभर वेळा बघितलं तरी ते पुढेच असणार.

शून्याची चूक पकडायची एक सोपी युक्ती आहे. एकाच दगडाचे दोन वेगवेगळ्या लांबीचे तुकडे घ्या. उदाहरणासाठी आकडे धरू: ५० मिलिमीटरला १०.१ मायक्रोसेकंद आणि १०० मिलिमीटरला १९.२ मायक्रोसेकंद लागले.

- फक्त पहिल्या तुकड्यावरून वेग: ५० ÷ १०.१ = ४.९५ किमी/सेकंद
- दोन्हींच्या फरकावरून वेग: ५० ÷ ९.१ = ५.४९ किमी/सेकंद

दुसरा आकडा खरा, कारण फरक घेताना प्रोब-वायरमधला जादा वेळ दोन्हीकडून कटतो. तो जादा वेळ इथे १ मायक्रोसेकंद निघतो. एवढ्याशा वेळेने वेग १० टक्के आणि गुणांक १९ टक्के कमी दाखवला असता. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकला असाल तर प्रॅक्टिकलला हा प्रयोग जरूर करून बघा.

एका बाजूला ओढणाऱ्या चुका काढून टाकल्या तरी थोडी अनिश्चितता उरतेच. लांबीत १ टक्का, वेळेत १ टक्का, घनतेत १ टक्का आणि पॉइसन गुणोत्तरात ०.०३ इकडे-तिकडे धरलं, तर सगळं मिळून गुणांकात सुमारे ५ टक्के येतात. म्हणजे प्रामाणिक उत्तर '३४.६' नसून '३४.६ ± १.७ गिगापास्कल' असं असतं. रिपोर्टमध्ये '३४.५६२' लिहिलेलं दिसलं तर समजा की कॅल्क्युलेटरवर जे दिसलं ते तसंच उतरवलंय.

## किल्लारीचा खडक आणि पाव मायक्रोसेकंद

भूकंपानंतर शास्त्रज्ञांसमोर प्रश्न होता की या शांत समजल्या जाणाऱ्या भागाखाली आहे तरी काय? किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं गेलं. वरचे सुमारे ३३८ मीटर दख्खनचा काळा बेसॉल्ट निघाला आणि त्याखाली गाळाच्या पातळ थरानंतर जुना पायाभूत खडक लागला. या बोअरमधून निघालेल्या नमुन्यांचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला. खालच्या खडकाची घनता सरासरी २.८२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आणि पी लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६.२ किलोमीटर आढळला. हे आकडे साध्या ग्रॅनाइटपेक्षा जास्त आहेत. त्यावरून असं मांडलं गेलं की एरवी बरेच खोल असणारे जड खडक इथे वर आलेले आहेत.

आता आपलं गणित इथे लावू. समजा नमुना ५० मिलिमीटरचा आहे. वेग ६.२ असेल तर वेळ लागतो ८.०६ मायक्रोसेकंद. वेग ६.० असेल तर ८.३३. फरक फक्त पाव मायक्रोसेकंदाचा. जमिनीखाली कोणता खडक आहे याचं उत्तर एवढ्या फरकावर हलू शकतं. म्हणूनच अशा कामात एका वेगावर निष्कर्ष काढत नाहीत, घनता आणि खनिजांची तपासणीही सोबत जोडतात.

अजून एक अडचण आहे. खडक खोलवर दबलेला असतो, त्यामुळे त्यातल्या केसासारख्या भेगा मिटलेल्या असतात. वर काढला की दाब जातो, भेगा उघडतात आणि लॅबमध्ये वेग कमी येतो. मोजमाप अगदी अचूक असलं तरी ते जमिनीखालच्या खडकाचं उरत नाही. यासाठी लॅबमध्ये नमुन्यावर दाब देऊन वेग मोजतात.

बेसॉल्टचंही तसंच. घट्ट काळ्या दगडात वेग साधारण ५ ते ६ किलोमीटर असतो, पण बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या दगडात तो बराच खाली येतो. एकाच खाणीतले दोन दगड वेगळे आकडे देऊ शकतात आणि तो फरक मशीनची चूक नसून दगडाचाच असतो. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतीला तर हे मशीन लावून फारसा उपयोग नाही. प्रत्येक मातीच्या सांध्यात लहर गिळली जाते.

## डायनॅमिक आणि स्टॅटिक: दोन्ही बरोबर, तरी वेगळे

अल्ट्रासॉनिक पद्धतीने आलेला गुणांक 'डायनॅमिक' असतो. प्रेसमध्ये दाबून आलेला 'स्टॅटिक'. लहरीचा धक्का इतका सूक्ष्म असतो की भेगा हलतही नाहीत, म्हणून डायनॅमिक आकडा सहसा मोठा येतो. आयएस ४५६:२००० च्या सूत्राने एम२५ काँक्रीटचा गुणांक २५ गिगापास्कल येतो. अल्ट्रासॉनिकने त्याच काँक्रीटचे ३४ आले म्हणून ते जास्त मजबूत झालं असं नाही. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, एकीचं माप दुसरीवर चालत नाही.

## हे काम मोबाईलवर होईल का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो: अल्ट्रासॉनिक टेस्ट नाही होणार.

फोन आवाज रेकॉर्ड करताना साधारणपणे सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो. म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याला कळतच नाही आणि काँक्रीटचे प्रोब ५४ किलोहर्ट्झचे असतात. दोन नमुन्यांमधलं अंतर २०.८ मायक्रोसेकंद. ५० मिलिमीटर दगडातून लहर त्याच्या निम्म्या वेळेत पार होऊन जाते! वर फोनचा माइक हवेतून ऐकतो, आणि हवेचं काय होतं ते आपण पाहिलंच.

पण फोन दुसरी एक गोष्ट छान करू शकतो. काँक्रीटच्या ५०० मिलिमीटर लांब बीमला टोकावर लहान हातोडीने टोला दिला की तो घंटेसारखा वाजतो. वरच्या उदाहरणातल्या काँक्रीटचा हा सूर सुमारे ३८०० हर्ट्झचा येईल, म्हणजे सहज ऐकू येणारा. स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही फ्री अॅप तो पकडतं. मग:

गुणांक = घनता × (२ × लांबी × वारंवारता)²

यात 'पहिली लहर कोणती' हा झगडाच नाही. २० हर्ट्झ इकडे-तिकडे झालं तरी वारंवारतेत अर्धाच टक्का चूक येते. प्रयोगशाळेत हीच पद्धत एएसटीएम सी २१५ या मानकाप्रमाणे वापरतात. घरी केलेला प्रयोग शिकण्यासाठी उत्तम, पण त्यावरून इमारतीचा निर्णय घ्यायचा नाही.

आणि हो, पी लहर पकडायचं काम तुमचा फोन एका बाबतीत करतोच. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू झालेली अँड्रॉइडची भूकंप सूचना सेवा फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरवर चालते. सेटिंगमध्ये 'सुरक्षा आणि आणीबाणी' मध्ये ती सुरू आहे का, ते आजच बघून घ्या.

## रिपोर्ट हातात आला तर हे सहा प्रश्न विचारा

१. कोणत्या मानकाप्रमाणे टेस्ट केली आणि शेरा कोणत्या तक्त्यावरून दिला?
२. काम सुरू करण्याआधी दांडीवर शून्य जुळवलं होतं का? नोंद कुठे आहे?
३. प्लास्टर काढलं होतं का? जाडी प्रत्यक्ष मोजली की ड्रॉइंगवरून घेतली?
४. प्रोब समोरासमोर होते की एकाच बाजूला?
५. सळईची जागा आधी शोधली होती का? ओल आणि तापमान लिहिलंय का?
६. प्रत्येक जागेचे आकडे दिलेत की फक्त सरासरी?

ग्रामपंचायत, शाळा समिती किंवा सोसायटीच्या बैठकीत हे प्रश्न कोणीही विचारू शकतं, त्यासाठी सिव्हिल इंजिनिअर असण्याची गरज नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेग चांगला आला म्हणजे इमारत भूकंपात टिकेल का?
नाही. वेगावरून काँक्रीट एकसारखं आणि भरीव आहे का, एवढंच कळतं. सळया पुरेशा आहेत का, सांधे नीट आहेत का, पाया कसा आहे, हे वेगळं तपासावं लागतं.

वेगावरून काँक्रीटची ताकद सांगता येते का?
थेट नाही. त्याच काँक्रीटचे क्यूब किंवा कोअर फोडून आधी संबंध जुळवावा लागतो. रिबाउंड हॅमरची जोड दिली तर अंदाज सुधारतो.

रीडिंग वाईट आलं तर लगेच पाडायचं का?
आधी शून्य तपासा, जागा घासून परत रीडिंग घ्या, बाजूच्या जागांशी तुलना करा. तरीही वाईटच असेल तर कोअर काढून फोडून बघा. एका आकड्यावर इमारत पाडायची नाही आणि एका आकड्यावर तिच्यात मुलंही बसवायची नाहीत.

तर मित्रांनो, मशीन खोटं बोलत नाही, पण ते फक्त वेळ सांगतं. पुढचं सगळं आपण त्यात घातलेल्या लांबीवर, शून्यावर आणि सूत्रावर उभं असतं. तुमच्या गावात अशी टेस्ट झाली असेल आणि रिपोर्टमधली एखादी गोष्ट कळत नसेल तर खाली कमेंटमध्ये विचारा. लेख उपयोगी वाटला तर सिव्हिलला असलेल्या मित्रांना आणि गावाच्या ग्रुपवर नक्की पाठवा.